खालचे दात येईस्तोवर

कोहमारा ते साकोली काळीपिवळी जीप चालवणाऱ्या परसरामच्या मानेला एक रोग होता, आणि तो फक्त सौंदडातच उठायचा. साकोलीकडे जाताना मान उजवीकडे वळायची, परत येताना डावीकडे. एरवी गडी बारा सवाऱ्यांशी बारा विषयांवर बोलणार, समोरच्या ट्रकवाल्याच्या सात पिढ्या हिंदीतून उद्धरणार. पण सौंदडचा स्टँड दिसला की तोंड बंद, मान वाकडी आणि सवारी उतरायच्या आत गिअर पडलेला.

पुढच्या सीटवर वीस वर्षांचा हक्क सांगणारी जमुनाबाई हे रोज पाहायची. नवेगाव बांधच्या तलावातली मासोळी बर्फात घालून बाजाराला न्यायची तिची जुनी वहिवाट, आणि मासोळीपेक्षा तिची जीभ जास्त ताजी.

"काऊन गा परसराम, सौंदड आला का तुया मानेत खिळा कोन ठोकते?"

"चमक भरते, बाई."

"रोज? त्याच फाट्यावर? मोठी वेळेची पक्की चमक हाय बाप्पा, रेल्वेवाल्यायनं शिकाव तिच्यापासून."

सवाऱ्या हसायच्या, परसरामही हसायचा. खरं सगळ्यांनाच माहीत होतं. स्टँडपासून तिसरं घर अल्काचं, म्हणजे त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं, आणि त्या घरात तिचा मुलगा हिमांशु होता. भाच्याचं तोंड परसरामनं पाहायचं नव्हतं.

आता आपल्या भागात भाचा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगावं लागतं. इथं मामा भाच्याच्या पाया पडतो. मामा साठीचा आणि भाचा पाळण्यात असला तरी मामानंच वाकायचं. हिमांशु झाला तेव्हा परसरामनंही जीप धुऊन, हार घालून, सौंदडला जाऊन त्या वीतभर जिवाच्या पायांना कपाळ लावलं होतं. पोरानं त्याच वेळी मुतून आशीर्वाद दिला, असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

दीड वर्ष झालं तरी पोराच्या हिरड्या मात्र गुळगुळीत. डोक्यावर केस म्हणजे मक्याच्या कणसाचे चार पिवळे तंतू, भुवया जवळजवळ नाहीतच. मग एकदाचे दोन दात उगवले, ते वरचे, आणि बोरीच्या काट्यासारखे टोकदार.

वरचे दात आधी आले की ते मामाला जड जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. परसराम आधी हसलाच. "दोन दाताचा पोट्टा मले खाते का, माय?" पण त्याची आई धुरपताबाई हसली नाही. तिनं दार लोटलं.

"घनश्याम आठोते का तुले?"

परसरामला आठवत होता. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ. त्यालाही असेच वरचे काटे होते, असंच बोडकं डोकं. उन्हाळाभर माय त्याला ओल्या लुगड्यात गुंडाळून ठेवायची आणि तो शेतातल्या बोडीच्या पाण्यात म्हशीसारखा गळ्याइतका बसून राहायचा. त्याला ते वरचे दात आले त्याच वर्षी धुरपताबाईचा भाऊ शालीकराम शेताच्या धुऱ्यावर झोपला असताना साप चावून गेला. पुढे घनश्याम सात वर्षांचा असताना एका भर उन्हातल्या लग्नात त्याला ताप भरला, आणि लग्नाहून तो परत आलाच नाही. धुरपताबाईच्या हिशेबात त्या दातांनी आधी मामा खाल्ला आणि मग ज्याचे होते त्यालाही.

"भाऊ गेला, पोरगा गेला. आता तूच हायस," ती म्हणाली. "खालचे दात येईस्तोवर तू त्या पोराचं तोंड पाहाचं नाई. घे माही शपथ."

"अन् अल्काले सांगू का? घनश्यामचे दात असे होते म्हून?"

"खबरदार! तिच्या सासरच्यायले समजला तं परत पाठोतीन पोरीले."

अल्का घनश्याम गेल्यावर जन्मलेली. एक भाऊ तापानं गेला, एवढंच तिला ठाऊक होतं. दातांची गोष्ट घराबाहेर गेली तर पोरगी घरातच राहील, म्हणून ती लग्नाआधीच गाडून टाकली होती. आता कोण उकरणार? परसरामनं शपथ घेतली. महिन्या-दोन महिन्यांत खालचे दात येतीलच, असा त्याचा अंदाज होता.

ते आलेच नाहीत. दर दिवाळीला तो फोन करायचा. "कशी हायस, अल्का? जवाई बरे हाय न? अन्... खालचे?"

"नाई आले, भाऊ."

"येतीन, येतीन."

चार दिवाळ्या, आठ दिवाळ्या, बारा दिवाळ्या. वरच्या जबड्यात मागे दोन दाढा आल्या, एवढीच काय ती प्रगती. खालचा जबडा कोराच राहिला. तालुक्याच्या एका डॉक्टरानं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. अल्काच्या सासूनं निकाल दिला की सुनेनं ग्रहणात विळ्यावर बसून वांगी चिरली, त्याची ही फळं. अल्का ते ऐकून घ्यायची. तिचा स्वतःचा एक दात तांदळाच्या कणीएवढा होता आणि शेजारचा उगवलाच नव्हता, म्हणून ती लहानपणापासून तोंडाला पदर लावून हसायची. नंतर पदराची गरज उरली नाही, कारण हसणंच कमी झालं. भाऊ येत का नाही हेही तिला ठाऊक होतं. दीरानं एकदा टोमणा मारला, "तुया भावाले आपला जीव लय प्यारा हाय," तेव्हा ती म्हणाली, "कोनाले नसते?"

परसराम अगदी दगड नव्हता. तो जमुनाबाईच्या हाती भाच्यासाठी कपडे पाठवायचा. पण पोरगा पाहिलेलाच नाही, तर माप कुठून येणार? पँट नेहमी दोन बोटं आखूड. "थो पोट्टा वाढून रायला, परसराम," जमुनाबाई सांगायची. "तुया डोक्यातला भाचा रांगतेच हाय." आणि गंमत पाहा, हाच परसराम गावातल्या कुणाच्याही दुखण्याला नागपूरला गाडी काढायचा. कुणाची मोतीबिंदूवाली सासू, कुणाचा हात मोडलेला पोरगा. दातांच्या मोठ्या दवाखान्यात तर त्यानं अर्धा तालुका नेऊन सोडला असेल. तिथला चहावाला त्याला नावानं ओळखायचा. दारात उभा राहून चहा पिताना त्याला कधी भाचा आठवला नसेल असं नाही. पण चहा संपला की तो कप फेकायचा आणि गाडी वळवायचा.

मग दोन वर्षांमागचा मे महिना आला.

हिमांशु दहावी पास झाला होता. अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला लागतो म्हणून तो सकाळी सातलाच सायकलनं सडक अर्जुनीला गेला. साहेब आले साडेदहाला, दाखला मिळाला साडेअकराला. परतताना अर्ध्या वाटेवर त्यानं सायकल हातात धरली. डोक्यावर गमछा होता. सकाळी तो ओला होता, आता पापडासारखा वाळला होता.

परसरामनं त्याला लांबूनच ओळखलं. तोंड कधी पाहिलं नसलं तरी पाठ पाहिली होती, स्टँडवर कित्येकदा, चोरून. आखूड पँटही त्यानंच घेतलेली. गाडीत सात सवाऱ्या आणि पुढे जमुनाबाई. जीपचा आवाज ऐकून पोरगा वळला आणि त्यानं हात दाखवला. मोठ्यानं नाही, कोपरातून उचललेला, लाजरा हात.

परसरामची मान उजवीकडे वळली. गाडी पुढे गेली.

आरशात दिसलं, हात अजून वरच आहे. मग दिसलं, सायकल आडवी पडली. पोरगा मोहाच्या झाडाखाली बसला. आरशात पाहिलेलं तोंड शपथेत धरायचं की नाही, हा विचार खरोखर त्याच्या डोक्यात येऊन गेला. माणसाचं डोकं भलत्या वेळी वकील होतं, ते असं.

"बसला गा थो पोट्टा," जमुनाबाई म्हणाली. "परसराम, थो अल्काचाच होय न?"

परसरामनं गिअर बदलला.

"घुमव गाडी."

"सवाऱ्यायले उशीर होते, बाई."

"सवाऱ्यायचं म्या पाहातो. घुमव म्हनून रायली न!"

त्यानं गाडी फिरवली नाही. सौंदडचा स्टँड येईपर्यंत तो सरळ समोर पाहत राहिला. त्या दिवशी मान वळवायचीही त्याला आठवण झाली नाही. तिथल्या सवाऱ्या उतरल्या. बाकीच्यांना घेऊन तो निघणार, तर जमुनाबाईनं मासोळीचं टोपलं दोन्ही पायांत घट्ट धरलं आणि हँडब्रेक खस्सकन ओढला.

"मासोळी सडो का बाजार बुडो. आता घुमव, नाई तं म्या पायी जातो अन् सौंदडभर सांगत जातो."

तेव्हा त्यानं गाडी फिरवली. सात-आठ मिनिटं गेली असतील.

हिमांशु झाडाखाली आडवा झाला होता. परसरामनं त्याला उचललं आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड पाहिलं. ते घनश्यामचं होतं. तेच पुढे आलेलं कपाळ, तेच जाड ओठ, त्याच नसलेल्या भुवया. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं; एवढ्या उन्हात घामाचा एक थेंब नाही.

"ओला करा याले!" परसराम ओरडला. "याले आंगातून घाम येत नाई, याले बाहेरून द्या लागते! माय घनश्यामले असाच करे!"

जमुनाबाईनं सगळं टोपलं त्याच्या अंगावर उपडं केलं. मासोळ्या, बर्फ, पाणी, सगळं. अशा अवतारात, खवले चिकटलेला आणि मासोळीचा वास येणारा भाचा मागच्या सीटवर घेऊन, परसरामनं साकोलीच्या दवाखान्यापर्यंत जी गाडी पळवली तशी ती पुन्हा कुणी पळवली नाही. पोरगा वाचला.

संध्याकाळी अल्कानं विचारलं, "भाऊ, त्याले घाम येत नाई हे कोन्या डॉक्टरनं नाई सांगतला. मले वाटे, पोट्टा नाजूक हाय. तुले कसा माहीत?"

तिथं, सलाइनच्या बाटलीखाली, परसरामनं घनश्याम सांगितला. बोडी सांगितली, ओलं लुगडं सांगितलं, काट्यासारखे दात सांगितले. अल्का ऐकत राहिली. शेवटी ती एवढंच म्हणाली, "म्हंजे तुमाले माहीत होता." मग ती पोराचा गमछा ओला करायला नळावर गेली आणि नळाशी खूप वेळ उभी राहिली.

ती घनश्यामची गोष्ट साकोलीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहून दिली आणि त्यांना नागपूरला पाठवलं, त्याच दातांच्या दवाखान्यात, जिथला चहावाला परसरामला ओळखायचा. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी हिमांशुचं तोंड पाहिलं, फोटो काढले आणि मग अल्काला म्हटलं, "ताई, आता तुम्ही तोंड उघडा." तो कणीएवढा दात त्यांनी किती तरी वेळ पाहिला.

"कातडी, केस, घामाच्या ग्रंथी आणि दात," त्या सांगू लागल्या, "पोटातल्या बाळात हे सगळं एकाच पापुद्र्यापासून तयार होतं. त्या पापुद्र्याच्या कामात जन्मतःच चूक असली की हे चारही अर्धवट राहतात. ही चूक आईकडून येते. आईत थोडीशी दिसते, एखाददुसरा दात, विरळ केस. मुलात पूर्ण उतरते. तुम्ही काही खाल्लं-चिरलं म्हणून नाही, ताई. तुमच्या आईकडून तुम्हाला आली, तुम्हाला कळायचं कारणच नाही."

अल्कानं पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी नव्हे.

"मग मले काऊन नाई, मॅडम?" परसरामनं विचारलं.

"दर मुलामागे निम्मी शक्यता. तुमच्या भावाला आलं, तुम्ही सुटलात."

सुटलात. बाईंनी सहज म्हटलं. पण परसरामला ते पायऱ्या उतरताना जड गेलं. ज्या दातांना भिऊन तो पंधरा वर्षं मान वळवत होता ते त्याच्या जिवावर आलेच नव्हते. ते त्याच्याच घरून गेले होते. शालीकराम मामाला साप चावला तो साप होता म्हणून. आणि घनश्याम गेला तो उन्हानं. एक ओलं लुगडं आणि तोंडातून एक शब्द, एवढंच त्यानं अल्काला द्यायला हवं होतं.

इथवर झालं ते झालं. खरी पंचाईत पुढे झाली. परसराम मोठा माणूस झाला!

जीपवाल्यांच्या मोबाइल-ग्रुपवर कुणी तरी टाकलं, 'मरणाची शपथ मोडून भाच्याला वाचवणारा मामा.' सौंदडच्या स्टँडवर दुपट्टा-नारळ देऊन सत्कार झाला. अल्काचा नवरा जागेश्वर, जो पंधरा वर्षं मेहुण्याचं नाव काढत नव्हता, त्यानं गळामिठी घातली. टोमणे मारणारा दीर म्हणाला, "मामा असावा तं असा." परसराम नारळ हातात धरून उभा राहिला, चोरीचा असल्यासारखा.

"काऊन गा," जमुनाबाई गाडीत म्हणायची, "नारळ फोडला का नाई? पाणी गोड निंगला का?"

"चूप बस न, बाई."

"म्या चूपच हावो. म्या कोनाले काय सांगून रायली? थे सात-आठ मिनिटं माह्या पोटात हायेत अन् तुया. अन् त्या पोट्ट्याच्या."

तेच तर होतं. पोरगा त्या दिवसाबद्दल काही बोलतच नव्हता. दातांच्या कवळीसाठी नागपूरच्या सहा खेपा झाल्या, सहाही परसरामच्या गाडीतून, फुकट. हिमांशु मागच्या सीटवर ओला गमछा घेऊन बसायचा. "पाणी पायजे का?" "नाई, मामाजी." "खिडकी लावू का?" "राहू द्या." परसरामनं गाडीतला आरसा वर फिरवून ठेवला, त्यात आता नुसतं छत दिसायचं. मागून हॉर्न वाजले की तो खिडकीबाहेर डोकं काढून पाहायचा.

इकडे धुरपताबाई वर्षभर रोज पहाटे त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहायची. शपथ मोडली होती ना! वर्ष झालं, तो मेला नाही. एका सकाळी तिनं बोट काढून घेतलं आणि म्हणाली, "मंग घनश्यामले म्या त्या लग्नाले कायले नेलो रे?" परसराम तिच्याजवळ बसून राहिला, पहिली फेरी चुकली तरी.

यंदा पोळ्यानंतर कवळी मिळाली. वरच्या टोकदार दातांवर बसणारी एक आणि खाली अख्खी एक. अल्कानं उडदाचे वडे तळले, नातलग बोलावले, जमुनाबाईला आवर्जून बोलावलं. धुरपताबाईला खाटेवर बसवलं. हिमांशु पाटावर बसला, अठरा वर्षांचा, नव्या पांढऱ्या दातांचा; ओठ मिटायला त्याला त्रास होत होता. परसरामनं नवी पँट आणली होती, या वेळी नीट माप घेऊन.

"घ्या मामा, पडा भाच्याच्या पाया," जागेश्वर हौसेनं म्हणाला. "तुमीच वाचवले त्याले."

परसराम वाकला. मनात त्याला बरंच वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मामा पाया पडतोच. त्या पडण्यात माफीही बसवून टाकता येते, कुणाला कळत नाही, स्वतःच्या मनाचं मात्र भागतं. त्यानं हात पुढे केले. हिमांशुनं पाय मागे घेतले.

"मामाजी, हा पाया पडना रीतीचा होय का त्या दिवसाचा?"

जागेश्वर हसत म्हणाला, "कोन्त्या दिवसाचा बे?"

परसराम वाकलेलाच राहिला. 'रीतीचा' म्हटलं असतं तर वडे वाढले गेले असते. जमुनाबाई कोपऱ्यात बसली होती. तिनं नेमकी त्याच वेळी जीभ आवरली आणि जमिनीकडे पाहत राहिली.

"त्या दिवसाचा," परसराम म्हणाला. मग तो खाली बसला, उभं राहून सांगता येईना म्हणून. "म्या पहिले याच्या बाजूनंच गेलो. यानं हात दाखवला. म्या पाहिला. आरशात पडताना पाहिला. तरी सौंदडापर्यंत गेलो. जमुनाबाईनं हँडब्रेक ओढला म्हून फिरलो, नाई तं... नाई तं माहीत नाई."

जागेश्वरचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. धुरपताबाईनं डोळ्याला पदर लावला. अल्काच्या हातात झारा होता, त्यातलं तेल टपटप जमिनीवर पडत होतं.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"सात-आठ मिनिटं."

"पंधरा वर्सं अन् आठ मिनिटं," अल्का म्हणाली आणि कढईकडे वळली.

हिमांशुनं दोन्ही कवळ्या काढल्या आणि पाण्याच्या वाटीत ठेवल्या. त्या घालून त्याला अजून नीट बोलता येत नव्हतं. पोकळ गालांचा तोच जुना चेहरा परत आला, ज्याच्याकडे मामानं पाहिलं नव्हतं. त्यानं पाय पुढे केले.

"आता पडा."

परसराम पडला. रीतीपेक्षा जास्त वेळ त्याचं कपाळ तिथं होतं. कुणी त्याला ऊठ म्हटलं नाही. शेवटी जमुनाबाईच म्हणाली, "ऊठ गा, वडे थंडे होऊन रायले." तो उठला, पण त्याच्या ताटात वडा अल्कानं नाही, हिमांशुनं वाढला.

हल्ली हिमांशु साकोलीच्या कॉलेजात जातो. ऊन चढायच्या आत, सकाळी साडेसहाला, काळीपिवळी तिसऱ्या घरासमोर थांबते. सवारी असो-नसो, थांबते. अल्का ओला पिळलेला गमछा खिडकीतून आत देते. भावाशी ती बोलत नाही. पण गमछा त्याच्याच हातात देते, पोराच्या नाही. परसराम तो मागे सरकवतो. आरसा त्यानं पुन्हा खाली फिरवला आहे, पण इतका खाली की त्यात रस्ता दिसत नाही, फक्त मागची सीट दिसते.

"एखाद दिवशी ठोकशीन गाडी," जमुनाबाई म्हणते.

तो ऐकतो आणि आरशात पाहत गाडी चालवत राहतो.